भागिले दोन

आमच्या घरात एक नियम आहे. मी कुठलाही आकडा सांगितला की त्याला दोनाने भागायचं.

हा नियम काढला माझ्या नातीने, वयाच्या सातव्या वर्षी. मी तिला सांगत होते की माझ्या लहानपणी आमच्या न्हाणीघरात बारा फुटी साप निघाला, आणि मी त्याला साबण लावून मोरीतून घसरवून दिला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाली, "म्हणजे सहा फूट." मग माझं पडलेलं तोंड बघून म्हणाली, "साबण राहू दे तसाच. साबण छान आहे."

झालं. तेव्हापासून सगळं घरदार भागाकार करायला लागलं. मुलगा, सून, शेजारीण, दूधवालासुद्धा. एकदा मी म्हटलं, उद्या दहा माणसं जेवायला येतायत. सुनेने पाचांचा स्वयंपाक केला. आणि आली दहाच! अगदी मोजून दहा! सगळी अर्धपोटी उठली आणि जाताना माझ्याकडे अशी बघत गेली, जसं काही मीच त्यांच्या ताटातलं खाल्लं. त्या दिवशी चूक कोणाची, यावर आमच्याकडे अजून भांडण होतं.

या नातीला मी खारू म्हणते. लहानपणी खारीसारखी गालात वस्तू साठवायची. बटणं, खडूचे तुकडे, एकदा तर आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू. आता ती आमच्या गावच्या दवाखान्याची डॉक्टर आहे, पण गाल अजून तसेच आहेत.

दवाखाना म्हणजे तीन खोल्या. एकीत खारू पेशंट तपासते, दुसरीत औषधं असतात आणि सिस्टर बसते. तिसरी बाळंतपणाची. तिला कुलूप. आत नवंकोरं टेबल, मोठा दिवा, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं. वरच्या ऑफिसचा हुकूम असा, की बाळंतपणात जिवावर बेतलं तर काय करायचं याचं मोठं ट्रेनिंग डॉक्टर पास होत नाही, तोवर खोली उघडायची नाही. मग गावातल्या बायका कळा सोसत दोन तास लांब शहरात जायच्या. दोनच हां. मी चार सांगायचे.

त्यातली एक आमची बेकरीवाली. हिचं पहिलं बाळ वाटेतच, पुलावर, अॅम्ब्युलन्समध्ये झालं. सिस्टर आत एकटी आणि ड्रायव्हर बाहेर कठड्याला धरून उभा. बाळंत कोण झालं ते कळू नये इतका घाम त्याला आलेला. बाळ ठणठणीत. पण हिचं रक्त थांबेना. हॉस्पिटलला पोचेपर्यंत पोरगी खडूसारखी पांढरी पडली होती. वाचली, एवढंच.

आता तिला पुन्हा सातवा लागला होता. दर तपासणीला आली की जाताना त्या बंद दारावर बोटाने टकटक करायची. "डॉक्टर, उघडेल ना हो ही माझ्या वेळेपर्यंत?"

खारू म्हणायची, "उघडेल."

आणि ट्रेनिंगला गेली. दहा दिवस.

परत आली ती बॅग दारातच टाकून सरळ स्वयंपाकघरात. ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसली. ही तिची नापास व्हायची जागा. सायकल शिकताना पडली होती तेव्हापण इथेच बसली होती.

मी चहा ठेवला. "काय गं, तुझी शिकवणारी मॅडम खडूस आहे का?"

"नाही गं. चांगली आहे. म्हणून तर जास्त वाईट वाटतं."

"मग अडलं कुठे?"

ती सांगायला लागली. सगळं जमलं म्हणे. अडलेलं बाळ काढणं, न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं, सगळं. रबराच्या बाहुल्यांवर शिकवतात, मोठी बाई आणि तिचं पोटातलं पोर. पण एक टेबल असं होतं, की त्यावर लाल पाण्याने भिजवलेले टॉवेल, चादरी, कापसाचे बोळे मांडलेले. बघायचं आणि सांगायचं, बाईचं किती रक्त गेलं.

"आणि?"

"मी प्रत्येक वेळी अर्धंच सांगितलं. नऊशे मिली होतं, मी साडेचारशे म्हटलं. बाराशे होतं, सहाशे. मॅडम म्हणाल्या, कपड्यात मुरलेलं रक्त सगळ्यांच्याच डोळ्याला कमी दिसतं, म्हणून तर वजन करायला शिकवते. पण तुम्ही तर काट्याने मोजल्यासारखं बरोबर अर्धं सांगताय, हे कसं काय?"

"मग तू काय म्हणालीस?"

खारू रिकामा कप हातात फिरवत बसली.

"बोल की."

"आजी, मला खरं तर नऊशेच वाटलं होतं. पण काही मोठं दिसलं ना, की डोक्यात आपोआप भागिले दोन होतं. मी करत नाही. होतंच."

चहा उतू गेला. मी तो जाऊ दिला.

आता मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्यात. साप, भुतं, माझ्या लग्नात आलेला हत्ती. एकीचंही मला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी तो बारा फुटी साप माझ्या गळ्याशी येऊन बसला. बाईचं लिटरभर रक्त जाईल आणि माझी शहाणी नात म्हणेल अर्धा लिटर, अजून वेळ आहे. का? तर आजी वाढवून सांगते.

"पुन्हा संधी आहे का?" मी विचारलं.

"एकदाच. सहा आठवड्यांनी. मॅडम इथे दवाखान्यात येऊन परीक्षा घेणार. नाही जमलं, तर पुढच्या वर्षी."

बेकरीवाली काही पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळीच ढीगभर बीट उकडले, पाणी गाळून घेतलं आणि मापाचं भांडं काढलं. घरातले सगळे टॉवेल, दोन चादरी आणि माझ्या मुलाचा एक बनियन गोळा केला. खारूला मागच्या अंगणात बसवलं, पाठमोरी. मी आत पाणी ओतायचं, कापड तिच्यापुढे टाकायचं आणि विचारायचं.

"किती?"

"तीनशे."

"सहाशे."

"म्हणजे तीनशे."

"अगं, सहाशे म्हणजे सहाशे! मापाने ओतलंय!"

"तुझं माप मला माहितीये, आजी."

असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी तिने सिस्टरला बोलावून घेतलं, साक्षीदार म्हणून. सिस्टर म्हणजे शिस्तीची बाई, हसली तरी रजिस्टरमध्ये नोंद करेल अशी. ती माझ्या शेजारी उभी राहिली, मी ओतलेलं बघितलं आणि म्हणाली, "डॉक्टर, आजी खरं बोलतायत. मलाही विश्वास बसत नाहीये."

वाळत घातलेल्या लाल चादरी बघून शेजारीण कुंपणापाशीच मटकन खाली बसली. तासभर तिला बोलता येईना. बरं, पाच मिनिटं. तेवढ्यात माझा मुलगा, म्हणजे खारूचा बाप, बाजारातून आला. आपला बनियन बघून म्हणाला, "मला मारलंत का काय सगळ्यांनी मिळून?"

"तुझं आठशे गेलं," मी म्हटलं.

"चारशे," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

बघा! घराण्याचाच रोग.

तेव्हा मी ठरवलं. परीक्षा होईपर्यंत एकही आकडा फुगवायचा नाही. कोणी विचारलं, आजी, वय किती? जे होतं ते सांगितलं. बाजारात गर्दी किती होती? म्हटलं, बरी होती. शेजारणीची पोरं गोष्ट ऐकायला आली, त्यांना मी सहा फुटी साप सांगितला. त्यांनी त्याचा तीन फुटी केला आणि जांभया देत घरी गेली. माझ्या जिभेला मुंग्या यायच्या. सुनेने मला गुपचूप विचारलं, "आई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

पण खारूचं काही सुधारेना. रोज सकाळी दवाखान्यात जायच्या आधी आम्ही तीन-चार कापडं टाकायचो. कधी बरोबर यायचं, कधी पुन्हा अर्धं. एके दिवशी तिने चिडून ते ओलं कापड उचललं, तडक आत गेली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आपटलं. मग तसंच एक कोरडं कापड ठेवून बघितलं. ओल्यातून कोरडं वजा केलं.

"सातशे," ती म्हणाली. "एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. किती ओतलं होतंस?"

"सातशे."

"आजी, मॅडमनी हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी वहीतसुद्धा लिहिलंय. पण मला वाटायचं, घाईत कुठे वजन करत बसायचं, डोळ्यांना कळतंय की."

"तुझ्या डोळ्यांना मी बिघडवलंय," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. लाडात बिडात नाही, सरळ हो. मग माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "पण साबण छान होता."

सहा आठवडे गेले. परीक्षेच्या दिवशी मी दवाखान्यात फक्त थर्मास द्यायला गेले होते. खरंच. मॅडम आल्या होत्या. छोटीशी बाई, पण पाठ अशी ताठ की मीसुद्धा नकळत सरळ झाले. त्यांच्या माणसांनी बाळंतपणाच्या खोलीचं कुलूप परीक्षेपुरतं उघडून त्या टेबलावर रबराची बाई निजवली होती. सिस्टर एका कोपऱ्यात आणि खारू बाहेर हात धूत होती. मॅडम कपाळाला हात लावून उभ्या होत्या, कारण परीक्षेत पेशंटच्या नातेवाइकाचं काम करायला आणलेल्या क्लार्कला गाडी लागली होती. तो बाहेर झाडाखाली ओकत होता.

"मी करते की," मी म्हटलं.

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही कोण?"

"इथलीच. चहा देते."

"डॉक्टरांना ओळखता?"

"तोंडओळख आहे."

सिस्टरला ठसका लागला.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही या बाईच्या सासूबाई. बाळ झालंय, सगळं ठीक आहे असं तुम्हाला वाटतंय. डॉक्टर विचारतील, किती रक्त गेलं? तुम्ही सांगायचं, थोडंच. घाबरून जाऊन लोक असंच करतात, कमी करून सांगतात. भिजलेली कापडं पण लपवायची. जमेल?"

"कमी करून सांगायचं?" मी विचारलं. "मी?"

"का, अवघड आहे?"

अवघड! अहो, सत्तर वर्षांत कधी केलं नव्हतं. पण म्हटलं, जमवते.

दार उघडलं, खारू आत आली. मला बघितलं आणि तिचे गाल असे फुगले जसं काही पुन्हा चष्म्याचा स्क्रू आत आहे. पण तोवर मॅडमनी घड्याळ चालू केलं होतं. बाहुलीच्या खालून नळीने लाल पाणी यायला लागलं. मी पटापटा ती कापडं ओढली, गोळा करून खुर्चीवर टाकली आणि वर बसले. थंडगार लागलं.

"बाळ होऊन किती वेळ झाला?" खारूने विचारलं.

"अर्धा तास," मी म्हटलं.

"रक्त किती गेलं?"

आता बघा. माझ्या ओठांवर आलं होतं, घागरभर. घशापर्यंत आलेली घागर मी परत खाली ढकलली. "थोडंच हो, डॉक्टर. वाटीभर. आमच्या सुनेचं असंच असतं."

खारूने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला खारू सात वर्षांची असल्यापासून माहीत आहे. तिचे ओठ हलले. वाटी भागिले दोन. अर्धी वाटी.

"बरं," ती म्हणाली, "सिस्टर, आधी बीपी बघू."

मॅडमच्या पेनाने कागदावर काहीतरी लिहिलं. छोटंसंच. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं बये, मी खोटं बोलतेय, या वेळी उलटं खोटं बोलतेय! पण मी सासू होते आणि माझ्या खाली ओली चादर होती. जीभ दाताखाली धरून बसले. बेकरीवालीची टकटक ऐकू यायला लागली मला, खरीच, त्या दारावरची.

सिस्टर पट्टा गुंडाळत होती. खारू एकदम थांबली. वळली.

"ती कापडं कुठायत?"

"कुठली कापडं?"

"वाटीभर रक्त कशावर तरी पडलं असेल ना?"

"टाकली मी. धुवायला."

तिने खाली बघितलं. माझ्या खुर्चीच्या पायापाशी लाल थेंब. टप. टप.

"आजी, ऊठ."

"मी सासू आहे."

"ऊठ म्हणते ना!"

मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा एका हाकेला उठले.

"सिस्टर, काटा!" खारूचा आवाज असा आला की झाडाखालचा क्लार्कसुद्धा सावरून बसला म्हणतात. "ओली अकराशे पन्नास. कोरडी तीनशे. साडेआठशे गेलंय, आणि अजून चालू आहे. सिस्टर, पोट चोळा, गर्भपिशवी घट्ट लागेपर्यंत थांबायचं नाही. इंजेक्शन मी देते. मग सलाइन, मग अॅम्ब्युलन्सला तयार राहायला सांगायचं."

"पण डॉक्टर," मी सासूपणा सोडला नाही, "आमच्यात पहिल्यापासूनच—"

"गप्प! हे घड्याळ धर. दर मिनिटाला सांग किती झालं. आणि खरी मिनिटं सांग."

मी घड्याळ धरलं. एक, म्हटलं. दोन, म्हटलं. तीनला सिस्टर म्हणाली, घट्ट लागतंय. पाचव्याला खारूने नव्याने टाकलेलं कापड पुन्हा काट्यावर ठेवलं. पन्नास ग्रॅमसुद्धा भरलं नाही. मी एकही मिनिट वाढवलं नाही, देवाशपथ.

मॅडमनी घड्याळ माझ्या हातातून घेतलं. "तोंडओळख," त्या म्हणाल्या.

"मॅडम, ही माझी सख्खी आजी आहे," खारू म्हणाली. घामाने केस कपाळाला चिकटलेले. "मला माहीत नव्हतं ती आत असेल. चालणार नसेल तर मी पुन्हा परीक्षा देते."

"मला या दारात उभ्या होत्या तेव्हाच कळलं. दोघींचं नाक एकच आहे." मॅडम कागद घडी करत होत्या. "एक चूक झाली तुमची. सुरुवातीला विश्वास ठेवलात, त्यात चाळीस सेकंद गेले. ते मी लिहिलंय. पण स्वतःच पकडलंत, तेही लिहिलंय. घरच्या माणसाला खुर्चीवरून उठवण्याचे मार्क माझ्या तक्त्यात नाहीत. असते तर दिले असते."

मग थर्मासकडे बघून म्हणाल्या, "चहा खरा आहे का, की तोही सांगायलाच?"

पास झाल्याचं पत्र दोन आठवड्यांनी आलं. कुलूप काढलं. सिस्टरने टेबलावरचं प्लास्टिक फाडलं आणि त्याची घडी घालून ठेवली, का ते तिलाच ठाऊक. माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा परीक्षेसाठी त्या खोलीत गेला तो परत आलाच नाही. नवीन येईपर्यंत असू दे, म्हणाली खारू.

बेकरीवाली कुलूप काढल्याच्या नवव्या दिवशी आली, भर दुपारी, चालत. दारापाशी थांबून सवयीने टकटक केली आणि उघड्या दारातून आत गेली. तिचा नवरा, सासू, ड्रायव्हर, अर्धी गल्ली फाटकाशी उभी. मला खारूने व्हरांड्यात बसवलं होतं, बाहेर निरोप द्यायला.

आत पोर रडलं. फाटकाशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. मी कान देऊन बसले होते, कारण मला माहीत होतं की खरी वेळ आता आहे. आतून खारूचा आवाज आला, "काटा." मग, "सहाशे." मग तोच परीक्षेतला आवाज, एकामागून एक हुकूम, आणि सिस्टरचं "हो डॉक्टर, हो डॉक्टर." मी मिनिटं मोजत होते. कोणी सांगितलं नव्हतं. अकरा झाली. बाराव्याला आतून बेकरीवालीचा आवाज आला, "अहो, मला भूक लागलीये." असलं गोड वाक्य मी आजवर ऐकलं नव्हतं, आणि यात मी काहीच वाढवत नाहीये.

खारू दारात आली. एप्रनवर डाग, गाल लाल. "आई छान आहे. मुलगी झाली. दोन किलो नऊशे. सांग बाहेर." आणि आत गेली.

मी फाटकाशी गेले. छाती भरून घेतली. वाटलं, नऊ आठवडे खरं बोललेय, आता सवय मोडायची नाही. आणि अगदी मापात, न फुगवता ओरडून सांगितलं, "मुलगी! दोन किलो नऊशे!"

फाटकाशी सगळ्यांनी बोटांवर काहीतरी केलं.

बेकरीवालीची सासू पदर नाही, काही नाही, तशीच तोंडावर हात दाबून रडायला लागली. नवरा फाटकाला धरून खाली बसला. "दीडच किलो?" तो म्हणाला. "एवढीशीच?" शेजारीण म्हणाली, काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. ड्रायव्हर तर पळतच सुटला. अॅम्ब्युलन्स चालू केली, भोंगा लावला आणि गाडी उलटी घेत दारात आणून उभी केली.

भोंगा ऐकून खारू धावत बाहेर आली. "काय झालं? कोणाला काय झालं? आजी, तू काय सांगितलंस यांना?"

"खरं सांगितलं गं!" मी म्हटलं. "अगदी खरं!"

तिने रडणाऱ्या सासूकडे बघितलं, खाली बसलेल्या बापाकडे बघितलं, भोंगा वाजवणाऱ्या गाडीकडे बघितलं. मग व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. बोलताच येईना तिला.

"आजी," शेवटी डोळे पुसत म्हणाली, "पुढच्या वेळेला पाच किलो आठशे सांग. म्हणजे बरोबर उत्तर येईल."